मरणाआधीही तो जगत होता : मराठी संपादकांना गडचिरोलीहून खुले पत्र

महाराष्ट्रातील मराठी वर्तमानपत्रांचे आणि वृत्तवाहिन्यांचे सन्माननीय संपादक,


गडचिरोली जिल्ह्यात शिक्षकाची नोकरी करून मी निवृत्त झालो. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं पोलीस झाली, काही दलमात, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकड्यांत गेली, बहुतेक धान पिकवत राहिली. पहिल्या दोन्ही प्रकारांतली काही आज हयात नाहीत. आपली वर्तमानपत्रं आमच्या गावात उशिरा पोचत, तरी मी ती नेमाने वाचत आलो. सरकारला काय सांगायचं ते सांगणारे पुष्कळ आहेत. पण कोणता माणूस लोकांच्या लक्षात राहील आणि कशासाठी, हे पुष्कळदा आपण ठरवता. आमच्या जिल्ह्यातला जवान आपण ज्या रीतीने महाराष्ट्राला दाखवला, त्याबद्दल मला आपल्याशीच बोलायचं आहे.

आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षल नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. केंद्र सरकारने नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती. १९८०च्या सुमारास प्राणहिता नदीपलीकडून सुरू झालेली ही लढाई संपण्याच्या वाटेवर आहे, असं आता सगळेच म्हणतात. आमच्या जिल्ह्याच्या बातम्या यापुढे सुरजागडच्या लोहखनिजाच्या, पोलाद प्रकल्पांच्या, नव्या रस्त्यांच्या असतील. त्या असाव्यातच. पण या लढाईत मेलेल्या माणसांविषयी जे लिहायचं राहून गेलं, ते आणखी काही वर्षांनी लिहायला कुणी उरणार नाही. जवानांच्या आया म्हाताऱ्या झाल्या आहेत. म्हणून माझ्या तक्रारी आणि मागण्या एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार अशी की, आपल्या पानांवर जवान फक्त मेल्यावर येतो. त्याआधी तो कुणाचा होता, त्याने ही नोकरी का धरली, रोज काय करत होता, याचा मागमूस नसतो.

आमच्याकडे शेती म्हणजे धान, आणि बहुतेक ठिकाणी तेही एकाच पावसाचं. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव भरला, बांधावरच्या बोडीत, छोट्या तळ्यात पाणी राहिलं, तर घरचं भागतं. उरलेलं वर्ष जंगलाच्या आधाराने काढायचं. चैत्रात मोहफुलं वेचायची, वैशाखात तेंदूपत्ता तोडायचा, हिवाळ्यात बांबूच्या कामावर जायचं. अशा घरातल्या मुलाला महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या दोनच नोकऱ्या डोळ्यांसमोर दिसतात, गुरुजीची आणि पोलिसाची. गुरुजी व्हायला पदविका लागते आणि नंतर भरतीची वाट पाहण्यात वर्षं जातात. पोलीस भरतीला आधी पाय लागतात, मग लेखी परीक्षा. म्हणून अंधार असतानाच धानोरा, एटापल्ली, अहेरीच्या डांबरी रस्त्यांवर मुलं सोळाशे मीटरची वेळ मोजत धावत असतात. मुलीही धावतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात घराला कौलं घालायची असतात, बहिणीचं लग्न करायचं असतं, धाकट्याला शिकवायचं असतं. देशासाठी प्राण द्यायला ती निघालेली नसतात. ती जगायला निघालेली असतात. हे सांगितल्याने त्यांचं बलिदान लहान होत नाही. ते किती मोठं होतं, ते यामुळेच कळतं.

सी-६० दलाचं नाव आपण वारंवार छापता. १९९० साली तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी या जिल्ह्यातल्याच साठ तरुणांना घेऊन ते उभं केलं. बाहेरून आलेल्या पोलिसाला इथली वाट कळत नाही, इथली भाषा कळत नाही, म्हणून गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी बोलणारी इथलीच मुलं घेतली. ज्या जंगलात यांतला मुलगा लहानपणी गुरं चारायला जायचा, त्याच जंगलात आता बंदूक घेऊन जायचं. शिधा, पाणी, दारूगोळा पाठीवर. रस्त्यात सुरुंग असतो म्हणून रस्ता सोडून चालायचं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, तेव्हाही तिकडच्या ठाण्यांत, पोलीस मदत केंद्रांत माणूस असतोच. गोळीने जायबंदी न झालेला जवानही एकदा तरी मलेरियाने आडवा होतो. याच पोलीस मदत केंद्रांत आता ‘दादालोरा खिडकी’ चालते. जातीचा दाखला, योजनेचा अर्ज, पेन्शनचा कागद घेऊन आलेल्या म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा बहुधा हाच मुलगा असतो.

या नोकरीची त्याने दिलेली पहिली किंमत मरणाच्या कितीतरी आधीची आहे. त्याचं गाव त्याला तुटतं. गावचा पंडुम सण, मामाच्या घरचं लग्न, घरातली मयत, सगळं त्याच्यावाचून होतं. कित्येकांना आईबापांना गावातून काढून गडचिरोलीत, अहेरीत भाड्याच्या खोलीत ठेवावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्यांची धानाची बांधी दुसऱ्याला कसायला देऊन म्हातारा शहरात नुसता बसून राहतो. हे आपण कधी लिहिलं? विलास मनोहर यांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली. माडिया मुलगा दलमापर्यंत का आणि कसा पोचतो, हे तिने मराठी वाचकाला समजावलं आणि ते मोलाचं काम झालं. पण त्याच गावातला दुसरा मुलगा पोलीस कसा झाला, याची एवढ्या मायेने केलेली विचारपूस मला मराठीत सापडली नाही. आपल्या रविवारच्या पुरवण्यांतही नाही.

दुसरी तक्रार आकड्यांची आहे. २००९ हे वर्ष आठवा. १ फेब्रुवारीला मरकेगावला पंधरा, २१ मे रोजी हत्तीगोटाला सोळा, त्यांत पाच महिला पोलीस, आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीला सतरा. तीन नक्षल हल्ल्यांत अठ्ठेचाळीस पोलीस गेले. लाहेरी झालं तेव्हा विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर आलं होतं, आणि दोनच दिवसांत ती बातमी निवडणुकीची झाली. ज्यांच्या घरी प्रेतं आली त्यांना तेव्हा जे वाटलं, ते मी माझ्या आसपासच्या घरांत पाहिलं आहे. हत्तीगोटाच्या त्या पाच मुली कोणत्या गावांतून आल्या होत्या, त्यांच्या घरात त्यांच्याआधी कुणी मुलगी नोकरीला लागली होती का, एवढं तरी महाराष्ट्राने विचारायला हवं होतं.

माणसाऐवजी संख्या लिहिण्याची ही सवय जुनी आहे. साताऱ्याकडे, कोकणात कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत. या गावातून १९१४ ते १९१९च्या युद्धात इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढाच मजकूर असतो. नाव एकाचंही नसतं. बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली आणि भारतीय साध्या शिपायांची फक्त संख्या नोंदली गेली. ही वागणूक विषम होती असं मान्य करून राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली माफी मागितली. शंभर वर्षांनंतर का होईना, त्यांना चूक दिसली. आपल्याकडची माणसं अजून आपल्या डोळ्यांसमोर आहेत. शंभर वर्षं थांबायचं काही कारण नाही.

तिसरी तक्रार पाठपुराव्याची. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं नक्षल्यांनी जाळली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ लेंढारी नाल्यापाशी सुरुंगाने उडवली. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक, सोळा जण जागीच गेले. त्यांत आमच्या जिल्ह्यातले होते, तसे भंडारा, बुलढाण्याकडून नोकरीसाठी आलेलेही होते. सुरुंगाची एवढी भीती असताना एका खाजगी गाडीत इतके जण का बसले, आदेश कुणाचा होता, नियम काय होते, हे प्रश्न आपण पहिल्या आठवड्यात जोरात विचारले. नंतर ते प्रश्न कुठे गेले? दर १ मे रोजी आपण महाराष्ट्राच्या स्थापनेच्या विशेष पुरवण्या काढता. त्यांत जांभुळखेड्यासाठी एक रकाना असावा, आणि त्या रकान्यात श्रद्धांजलीच्या आधी उत्तरं असावीत. चूक कुठे झाली हे विचारणं म्हणजे जवानाचा अपमान, असं काही जण म्हणतात. आम्हा गावकऱ्यांना तसं वाटत नाही. पुढचा मुलगा वाचायचा असेल तर ते विचारावंच लागतं.

आणि तो चालक. तोही कुणाच्या तरी घरचा कमावता माणूस होता. बातमीत ‘पंधरा जवान’ पुढे येतात आणि ‘एक चालक’ मागून जोडला जातो. त्याच्या घरच्यांनी ती ओळ दर वर्षी वाचली असेल.

चौथी तक्रार कॅमेऱ्यांविषयी आहे आणि ती मी हात जोडून सांगतो. जवान गेल्यावर आपले प्रतिनिधी त्याच्या दारात येतात. घर, आई, बायको, लहान मुलं, गावाची पाटी, सगळं पडद्यावर जातं. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला त्यात फक्त दुःख दिसतं. आमच्याकडे ते कुटुंब ओळखलं जाण्याची भीती असते. ही भीती मनाने रचलेली नाही. १४ ऑगस्ट २०२०ला भामरागड तालुक्यात कोठीच्या मदत केंद्रातला जवान गावातल्या दुकानापाशी आलेला असताना मारला गेला. मार्च २०२३ मध्ये मर्दहूर या गावी, पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण होळीला घरी आलेला असताना खबरी ठरवून मारला गेला. तो पोलीस झालाही नव्हता, त्याने फक्त तशी इच्छा धरली होती. अशा मुलखात रडणाऱ्या आईच्या तोंडासमोर माईक धरण्याआधी तिला विचारायला हवं, आणि ती नको म्हणाली तर परत फिरायला हवं. याच कारणाने या पत्रात मी कुठल्याही जवानाचं नाव घेतलेलं नाही. ज्या घरांना मी विचारलेलं नाही, त्यांचं नाव छापण्याचा अधिकार मला नाही.

पाचवी तक्रार सगळ्यांत अवघड आहे. आपण जवानाचं मरण गावातल्या इतर मरणांपासून वेगळं काढून दाखवता. या लढाईत जिल्ह्यात दोनशेहून अधिक पोलीस व सुरक्षा जवान गेले, तशी पाचशेहून अधिक सामान्य माणसं नक्षल्यांनी मारली. पाटील, सरपंच, दुकानदार, शेतकरी. कुणाला खबरी म्हणून, कुणाला नुसत्या संशयावरून. प्रेतापाशी एक पत्रक टाकलं की निकाल झाला. त्यांच्यासाठी बिगूल वाजत नाही, बंदुकांची सलामी होत नाही. त्यांच्या घरांवर उलट गावाचा धाक बसतो.

आणि दलमात मेलेली मुलंही याच गावांची. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया आणि लगेच राजाराम खांदला, दोन दिवसांत चाळीस जण मेले. त्यांत गट्टेपल्लीच्या काही तरुण-तरुणींची नावं निघाली. ती नुकतीच दलमात भरती झाली होती असं पोलिसांनी सांगितलं, ती लग्नाला निघाली होती असं घरच्यांनी सांगितलं. आपण कुणाची बाजू घ्यावी असं मी म्हणत नाही. जवान ज्या हल्ल्यांत मेले त्यांना माझ्या मनात माफी नाही. पण एका शाळेच्या एकाच बाकावर बसलेली दोन मुलं एकमेकांवर बंदूक रोखून मरतात, तेव्हा त्यातला एक नुसता वीर आणि दुसरा नुसता आकडा, असं लिहून आमचं गाव कुणाला कळणार नाही. जवानाला स्वतःला ते कळत होतं. समोर कुणाचा मुलगा, कुणाची बहीण असू शकते, हे मनात घेऊनच तो जंगलात शिरत होता. त्याच्या धैर्यातला हा भाग आपल्या वाचकापर्यंत कधी पोचलाच नाही.

सहावी तक्रार, मरणानंतरच्या घराची. सलामी होते, मंत्री येऊन जातात, मदतीचा धनादेश मिळतो, त्याचा फोटो आपण छापता. त्यानंतर त्या घरात काय होतं? मदतीवर बायकोचा हक्क किती आणि आईबापांचा किती, यावरून नाती तुटतात. अनुकंपेवर नोकरी घ्यायची तर विधवेने तेच खातं, तोच गणवेश पत्करायचा की नाही, हा प्रश्न उभा राहतो. पंचविशीतल्या त्या मुलीने दुसरं लग्न करावं का, यावर सगळं गाव बोलतं, तिला मात्र कुणी विचारत नाही. बापाला पाहिलंही नसेल असं मूल मोठं होतं आणि त्याच रस्त्यावर पहाटे धावायला लागतं. यातलं एकेक घर एकेका लेखाचा विषय आहे. धनादेशाच्या फोटोने त्या घराची गोष्ट संपत नाही.

संपादक महोदय, आता माझ्या मागण्या. त्या मोठ्या नाहीत.

एक. या जिल्ह्यातल्या आपल्या तालुका वार्ताहरांना नीट मानधन द्या. त्यांनीच मोटारसायकलवरून, जीव मुठीत धरून आपल्याला बातम्या पुरवल्या. पोलिसांनी त्यांच्यावर संशय घेतला, नक्षल्यांनीही घेतला. जवानाची गोष्ट लिहायची माहिती त्यांच्यापाशी आहे. त्यांना वेळ आणि जागा द्या. गोंडी-माडिया जाणणारी मुलं-मुली आता शिकून बाहेर पडत आहेत, त्यांना आपल्या संस्थेत घ्या.

दोन. ज्या घरांची तयारी असेल, त्या प्रत्येक घरात जाऊन गेलेल्या माणसाचं आयुष्य लिहून घ्या. जन्म, शाळा, शेत, भरती, लग्न, त्याचं बोलणं, त्याच्या आवडी, त्याच्यावरचं कर्ज. पोलिसांचं आणि नक्षल्यांनी मारलेल्या गावकऱ्यांचंही. दिवाळी अंकांच्या संपादकांनाही माझी हीच विनंती आहे. घरी जाण्याआधी परवानगी मागा, आणि लिहून झालं की घरच्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवा.

तीन. २१ ऑक्टोबर हा दिवस पाळा. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान मेले, म्हणून देशभर त्या दिवशी पोलीस स्मृतिदिन असतो. आमच्याकडे तोच दिवस वीर बाबुराव शेडमाके यांचा आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या या अहेरी भागातल्या गोंड तरुणाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. बाबुरावांचं नाव आज मुलांना माहीत आहे. त्यांच्याबरोबर लढलेल्या गोंड, माडिया आणि रोहिल्या शिपायांपैकी किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? पुढाऱ्याचं नाव राहतं आणि गावचा शिपाई नाहीसा होतो, हे या जंगलात एकदा घडून गेलं आहे. दुसऱ्यांदा घडू देऊ नका. त्या दिवशी वर्षातून एक पान चंद्रपूर-गडचिरोलीच्या या माणसांसाठी ठेवा.

चार. बातमीच्या पाठपुराव्याला मुदत घाला. जवान गेल्यापासून एका वर्षाने, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी त्या घराकडे परत जा. दिलेली आश्वासनं पाळली गेली का ते विचारा आणि नाही म्हणाले तर संबंधित खात्याला जाब विचारा. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी भामरागड तालुक्यात दिरंगी-फुलनारच्या जंगलात सी-६०चा एक जवान गेला. त्याच्या घराचं काय झालं, हे विचारण्यापासून सुरुवात करता येईल.

पाच. लढाई संपल्याचा आनंद छापताना, ती संपवण्यासाठी चाललेल्या पायांची आठवण ठेवा. शस्त्रं खाली ठेवलेल्यांच्या पुनर्वसनाच्या बातम्या याव्यातच. ते आमचेच लोक आहेत आणि ते परत आले याचा आम्हाला आनंद आहे. पण जो मुलगा परत आला नाही, त्याच्या आईला तिच्या मुलाने काय मिळवून दिलं ते आपल्या पानावरून कळायला हवं. कित्येक गावांत पहिल्यांदा एसटी पोचली, मोबाइलचे मनोरे उभे राहिले, शाळांत गुरुजी टिकू लागले. प्रत्येक अशा बातमीत दोन ओळी त्या ठाण्यातल्या, त्या रस्त्यावरच्या गेलेल्या माणसांसाठी ठेवता येतील.

हे सगळं करण्यासाठी सरकारी आदेश लागत नाही, निधीची मंजुरी लागत नाही. आपल्या एका निर्णयाने ते होऊ शकतं. आमच्या मुलांनी त्यांची कामं केली. त्यांच्याविषयी नीट लिहिण्याचं काम आपलं आहे, आणि ते या वर्षीच सुरू व्हावं अशी माझी विनंती आहे. त्यासाठी आपला कुणी प्रतिनिधी आमच्या भागात आला, तर त्याला गावोगाव घेऊन जायला आणि भाषेचा दुवा व्हायला मी तयार आहे. माझ्यासारखे आणखी कित्येक शिक्षकही तयार होतील.



आपला नम्र,
धानोरा तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक
जि. गडचिरोली